डांबरी रस्त्याची तपासणी: आधी जोखीम मोजा, मग ठरवा कुठे उभं राहायचं

माझ्या एका जुन्या कामाची फाइल अजून डोळ्यांसमोर आहे. डांबराचं प्रमाण बरोबर, ग्रेडेशन (लहान-मोठ्या खडीचं प्रमाण) बरोबर, डेन्सिटी, म्हणजे थर किती घट्ट दाबला ते, पाहायला रस्त्यातून कापून काढलेले सगळे कोर पास. पहिला पावसाळा सरायच्या आत दोन लेनमधला जॉइंट उघडला आणि पुढे त्या रेषेवरची खडी हाताने उचलता येईल इतकी सुटत गेली. फाइल पुन्हा उघडली तेव्हा कळलं, तिच्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त प्रत्येक कोर लेनच्या मधोमध काढलेला होता. तिथे मशीन लावायला सोपं पडतं आणि ‘इतक्या चौरस मीटरला एक’ ही अटही तिथे पुरी होते. जॉइंटवर एक भोक नव्हतं.

तेव्हापासून मी तपासणीचा आराखडा उलट्या बाजूने करतो. आधी विचारायचं, हा रस्ता कुठे आणि कशाने जाईल? मग तिथे माणूस, थर्मामीटर आणि कोर कटर न्यायचा. माणसं तेवढीच, लॅबही तीच. फक्त त्यांची जागा आणि वेळ बदलते. करारात ठरलेल्या चाचण्या कराव्याच लागतात, त्यातून सुटका नाही. पण त्या संपल्यावर जो वेळ हातात उरतो, तो कुठे घालायचा हे जोखमीने ठरवायचं.

ठरावीक अंतराची तपासणी अपुरी का पडते

समजा दिवसभरात आलेल्या डंपरपैकी दहात एकाचा माल, म्हणजे प्लांटवर बनलेलं डांबर-खडीचं गरम मिश्रण, खराब आहे. तुम्ही वाटेल ते तीन डंपर तपासले. तिन्ही चांगले निघण्याची शक्यता ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे जवळपास ७३ टक्के. दहा डंपर तपासले तरी ३५ टक्के वेळा खराब माल निसटतो. निदान एक तरी खराब डंपर हाती लागेल अशी ९० टक्के खात्री हवी असेल, तर बावीस डंपर तपासावे लागतात. डांबर काढून पाहण्याची चाचणी दिवसाला बावीस वेळा करायला कुठल्याच लॅबला जमणार नाही. पण मालात थर्मामीटर खुपसायला एक मिनिट लागतं आणि ते प्रत्येक डंपरला जमतं. स्वस्त तपासणी सगळ्यांवर आणि महाग तपासणी संशयाच्या जागी, या आराखड्याचा कणा एवढाच आहे.

पायरी १: प्लांट सुरू होण्याआधी रस्ता पायी चाला

गाडीतून नाही, पायी. हातात लांबट कागद घ्या, त्यावर एक आडवी रेघ मारा, चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) टाका आणि जे दिसेल ते त्या रेघेवर खुणेने भरत जा. चढ कुठे आहे? अवजड गाड्या ब्रेक मारून कुठे उभ्या राहतात? म्हणजे सिग्नल, बसथांबे, तपासणी नाके. पाणी कुठे साचतं, झाडांची किंवा इमारतीची सावली कुठे दिवसभर हटत नाही, मॅनहोल आणि पुलाचे सांधे कुठे आहेत, रस्ता कुठे रुंद होतो, पेव्हर (माल पसरणारं मशीन) कुठे पोचणार नाही आणि माल हाताने पसरावा लागेल.

चढ आणि थांबे का, हे समजून घेण्यासारखं आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ आशो रोड टेस्ट झाली (आशो म्हणजे तिथल्या राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना). मुद्दाम बांधलेल्या वळशांवर वजनदार ट्रक फिरवून रस्ते मोडेपर्यंत पाहिले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा: अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान साधारण सोळा पटीने वाढतं. त्यात गाडी सावकाश चढत असेल किंवा उभी असेल, तर डांबरावर भार जास्त वेळ राहतो आणि चाकोऱ्या पडतात. त्यामुळे एकच चूक सपाट, मोकळ्या रस्त्यावर खपून जाते आणि चढाच्या डाव्या लेनमध्ये दोन उन्हाळ्यांत उघडी पडते.

हा कागद काम संपेपर्यंत जपा. पुढची प्रत्येक पायरी त्यावरच चढते.

पायरी २: चुकांना गुण द्या

१९४९ मध्ये अमेरिकी लष्कराने उपकरणांतल्या बिघाडांचा आधीच अंदाज घेण्यासाठी एक पद्धत लेखी मांडली. आज कारखान्यांत तिला एफएमईए म्हणतात. प्रत्येक संभाव्य चुकीला तीन गुण द्यायचे: झाली तर किती महागात पडेल, होण्याची शक्यता किती आणि लपून राहण्याची शक्यता किती. तिन्हींचा गुणाकार म्हणजे त्या चुकीची जोखीम. कारखान्यांत गुण सहसा एक ते दहा असतात. साइटवर मी एक ते पाचच वापरतो, कारण सहा द्यायचे की सात यावर चहा थंड होईस्तोवर चाललेली चर्चा मी पाहिली आहे.

एका नेहमीच्या कामाचे माझे गुण साधारण असे पडतात:

- लांबीच्या दिशेचा जॉइंट सैल राहणं: गांभीर्य ४, शक्यता ४, लपणं ४. एकूण ६४.
- टॅक कोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा फवारा) कमी पडणं किंवा धुळीवर पडणं: ४, ३, ५. एकूण ६०.
- थंड माल पसरला जाणं: ५, ३, ३. एकूण ४५.
- प्लांटवर डांबर जळणं: ४, २, ३. एकूण २४.
- थराची जाडी कमी: ४, २, २. एकूण १६.
- तीन मीटरच्या पट्टीखाली पृष्ठभाग वरखाली: २, ३, १. एकूण ६.

हे आकडे माझ्या कामाचे आहेत, ते उतरवून घेऊ नका. प्लांट ऑपरेटर, पेव्हर चालवणारा, रोलरवाला आणि लॅबचा माणूस यांना एकत्र बसवून गुण द्या. रोलरवाल्याला जे माहीत असतं ते डिझाइनवाल्याला कधीच कळत नाही.

या गुणाकारात एक फसगत आहे. ५ × २ × २ म्हणजे २० आणि ३ × ३ × ३ म्हणजे २७. आकड्यांनुसार मधलं दुखणं वर जातं आणि क्वचित होणारी पण रस्ता उखडायला लावणारी चूक खाली. म्हणून ज्या चुकीचं गांभीर्य पाच आहे, तिचा गुणाकार काहीही येवो, ती यादीत वरच ठेवायची.

मी चौथा प्रश्न स्वतःचा जोडला आहे: चूक झाल्यापासून ती निस्तरता येईनाशी होईपर्यंत किती मिनिटं मिळतात? टॅक कोटवर माल पडला की शून्य. माल थंड होत असेल तर दहा-वीस मिनिटं. पृष्ठभाग खडबडीत राहिला तर तो पुढेही घासता येतो. ज्याला मिनिटं कमी, तिथे तपासनीस प्रत्यक्ष उभा पाहिजे. बाकीचं लॅबच्या अहवालावर सोडता येतं.

पायरी ३: यादीचे तीन ढीग करा

पहिल्या ढिगात थांबे येतात, ज्यांना होल्ड पॉइंट म्हणतात. तपासनिसाने सही केल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. हे मोजकेच ठेवा: टॅक कोटनंतरचा पृष्ठभाग, नवीन मालाचा पहिला डंपर, सुरुवातीला घातलेल्या चाचणी पट्ट्याचा निकाल. पंधरा थांबे केले की लोक सह्या आगाऊच घेऊन ठेवतात.

दुसऱ्या ढिगात सतत नजर: तापमान, पेव्हरची गती, रोलरचे फेरे, जॉइंट. तिसऱ्या ढिगात नमुने: डांबराचं प्रमाण, ग्रेडेशन, कोर. प्रत्येक ओळीसमोर माणसाचं नाव आणि त्याची उभं राहायची जागा लिहा. ‘क्यूसी टीम’ (गुणवत्ता तपासणीची टीम) असं लिहिलेलं काम कोणीच करत नाही.

पायरी ४: प्लांटवर बदलाच्या वेळा पकडा

चांगला चाललेला प्लांट तासन्‌तास चांगलाच चालतो. बिघाड बहुतेक वेळा बदलाच्या क्षणी शिरतो: खडीचा नवीन ढीग उघडला, डांबराचा नवा टँकर आला, ऑपरेटर बदलला, पाऊस पडून गेला, दुपारी प्लांट तासभर बंद राहून पुन्हा सुरू झाला. नमुने घड्याळाकडे बघून घेण्यापेक्षा या घटनांना बांधा. प्रत्येक बदलानंतर पहिले दोन-तीन डंपर संशयित समजा आणि ते चढावर किंवा जंक्शनवर पाठवू नका.

पावसानंतरचा चुरीचा, म्हणजे दगडाच्या बारीक भुग्याचा, ढीग ही माझी जुनी डोकेदुखी. खडी पाणी निथळू देते, चुरी धरून ठेवते. ओली चुरी ड्रायरमध्ये गेली की बर्नरची बरीच उष्णता पाणी उडवण्यात जाते. ऑपरेटर आच वाढवतो, मग आधीच कोरडी झालेली बारीक खडी जास्त तापते. आणि ओली चुरी कोल्ड बिनच्या (न तापवलेल्या खडीच्या टाकीच्या) पट्ट्यावर वजनाने जास्त दिसते, त्यामुळे ओलाव्याची वजावट दुरुस्त केली नाही तर खरा दगड कमी जातो आणि मिश्रणाचं गणित बिघडतं. पाऊस पडला की सकाळी चुरीचा ओलावा मोजून तो प्लांटच्या पॅनेलवर भरला गेला का, हे स्वतः पाहा. ढीग झाकलेला असेल, उताराच्या जमिनीवर असेल, तर हे निम्मं दुखणं मुळातच राहत नाही.

डंपर भरून निघतो तेव्हा त्याच्याकडे नीट बघायला शिका. मालावर निळसर धूर दिसला तर तो जास्त तापला आहे. पांढरी वाफ येत असेल तर आत ओलावा आहे. ढीग टोकदार, कडक उभा आणि फिका दिसला तर माल थंड किंवा डांबर कमी. ढीग पसरून सपाट, वर चकचकीत दिसला तर डांबर जास्त किंवा ओलावा जास्त. ही नजर चाचणीची जागा घेत नाही, पण कुठला डंपर बाजूला काढायचा हे सांगते.

भरताना माल तीन ढिगांत पडला पाहिजे: आधी पुढे, मग मागे, शेवटी मध्ये. एकाच ढिगात भरला की मोठी खडी उतारावरून घरंगळत कडेला जाते आणि रस्त्यावर प्रत्येक डंपरच्या शेवटी एक खडबडीत पट्टा दिसतो. डंपरच्या फाळक्याला माल चिकटू नये म्हणून डिझेल मारण्याची सवय दिसली तर ती तिथेच बंद पाडा. डिझेल डांबर पातळ करतं आणि तो भाग कायमचा मऊ राहतो. साबणाचं पाणी पुरतं, तेही तळाशी साचू न देता.

पायरी ५: टॅक कोट

ज्या थराला कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, तो हा. दोन थर एकमेकांना चिकटले नाहीत तर ते एकसंध जाड पाटीसारखं काम करत नाहीत, दोन पातळ पाट्यांसारखं करतात आणि भेगा लवकर पडतात. चढावर आणि ब्रेकच्या जागी वरचा थर चक्क सरकतो. चंद्रकोरीसारख्या भेगा दिसल्या तर आधी टॅक कोटवर संशय घ्या.

प्रमाण मोजायची पद्धत साधी आहे. ३० सेंटिमीटर लांब-रुंद पत्र्याचा ट्रे घ्या, वजन करा, फवारणीच्या वाटेत ठेवा, गाडी गेली की उचलून लगेच पुन्हा वजन करा. ट्रेचं क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर. चौरस मीटरला पाव किलो इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) ठरलं असेल तर ट्रेवर साडेबावीस ग्रॅम पडलं पाहिजे. इतका छोटा आकडा असल्यामुळे भाजीचा तराजू इथे चालत नाही, ग्रॅमचाही अंश दाखवणारा काटा लागतो. एक ट्रे मध्ये आणि एक कडेला ठेवा. बहुतेक वेळा सरासरी बरोबर असते आणि कडेचा नोझल तुंबलेला असतो.

आणखी तीन गोष्टी डोळ्यांनी. फवारणीआधी बोट फिरवून पाहा, धूळ लागली तर झाडू आणि हवा पुन्हा मारायची. फवारा पट्ट्यापट्ट्यांनी पडतोय का ते गाडीच्या मागून चालत बघा. आणि इमल्शन तपकिरी असेपर्यंत पेव्हर पुढे येऊ देऊ नका. पाणी सुटून रंग काळा झाला की मगच. घाई झाली की डंपरची चाकं तो कोट उचलून घेऊन जातात आणि नेमक्या चाकोरीतच, जिथे पुढे वाहतुकीचं चाक पडणार आहे तिथेच, जमीन कोरडी राहते.

पायरी ६: तापमान आणि रोलर

या कामात एकच गोष्ट मोजायची मुभा मिळाली तर मी तापमान मोजेन. साध्या, पॉलिमर न घातलेल्या डांबराचं मिश्रण प्लांटमधून साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला निघतं आणि दाबण्याचं खरं काम मिश्रण ९० अंशांच्या खाली जायच्या आत संपवावं लागतं. नेमके आकडे डांबराच्या ग्रेडवर ठरतात. तुमच्या जॉब मिक्समधले (त्या कामासाठी ठरवलेल्या मिश्रणाच्या कृतीतले) भिंतीवर लिहून ठेवा. एकदा डांबर घट्ट झालं की रोलर कितीही फिरवा, खडी फुटते, थर दाबला जात नाही.

बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त कातडी वाचतो. ताडपत्री काढली की डंपरमधल्या मालावर एक कडक पापुद्रा दिसतो. त्यावर बंदूक रोखली तर आकडा कमी येतो, आतला माल चांगला गरम असतो. उलट फाळक्याला आणि कोपऱ्यांना चिकटलेला माल आतपर्यंत थंड असतो आणि तो शेवटी, एकगठ्ठा पेव्हरमध्ये पडतो. म्हणून डंपरमध्ये सळईचा थर्मामीटर खोल खुपसून आकडा घ्या, आणि बंदूक वापरा ती पेव्हरच्या मागे, पसरलेल्या थरावर, एकमेकांशी तुलना करायला. तिथे जवळजवळच्या दोन जागांत १४ अंशांच्या आसपास फरक दिसला तर ती जागा खडूने खूण करून ठेवा. अशा थंड ठिपक्यांवर डेन्सिटी कमी भरण्याची भीती असते आणि पुढचे खड्डे तिथून सुरू होतात. थर्मल कॅमेरा असेल तर उत्तमच. नसेल तर प्रत्येक डंपर बदलताना सहा आकडे घ्या, तेवढ्याने चित्र स्पष्ट होतं.

पेव्हरच्या हॉपरचे (पुढच्या, माल झेलणाऱ्या हौदाचे) पंख प्रत्येक डंपरनंतर दुमडणं हीही थंड माल आत ढकलायचीच एक तऱ्हा. ते टाळायला सांगा. ऑगर (माल आडवा पसरवणारं मळसूत्र) सारखा फिरत राहिला पाहिजे आणि माल त्याच्या दांड्याच्या साधारण मध्यापर्यंत भरलेला दिसला पाहिजे. पेव्हर धावत-थांबत चालत असेल तर दोष बहुतेक वेळा डंपरच्या संख्येत असतो. तो सकाळीच मोजता येतो: एक फेरी किती मिनिटांची आणि पेव्हर एक डंपर किती मिनिटांत संपवतो. फेरी ८० मिनिटांची आणि डंपर दहा मिनिटांत संपत असेल तर निदान आठ डंपर हवेत. सहावर काम चालू केलं तर दिवसभर थंड पट्टे पडणार, हे सांगायला थर्मामीटरही लागत नाही.

रोलरबद्दल सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे पोकळी, थरात उरलेली हवेची जागा. नेहमीच्या दाट मिश्रणात दाबून झाल्यावर पोकळी आठ टक्क्यांच्या वर राहिली की त्यातल्या फटी एकमेकींना जोडल्या जातात, पाणी आणि हवा आत जाते, खडीवरचं डांबर सुटायला लागतं. अभ्यासातून आलेला आणि बराच वापरला जाणारा ठोकताळा असा की सात टक्क्यांच्या वर प्रत्येक एक टक्का पोकळीमागे रस्त्याचं आयुष्य साधारण दहा टक्क्यांनी घटतं. डांबर अर्धा टक्का इकडेतिकडे झालं म्हणून वाद घालणारी मंडळी रोलर सावलीत उभा असताना चहा पीत असतात, याचं मला नवल वाटतं.

पहिल्या दिवशी चाचणी पट्टा करा. डेन्सिटी गेज (थर किती दाबला गेला ते जागेवरच दाखवणारं यंत्र) प्रत्येक फेऱ्यानंतर लावा, आकडा वाढायचा थांबला की फेरे ठरले. गेजचा आकडा त्याच जागेच्या कोरशी जुळवून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नका, ओलाव्याने आणि खडीच्या जातीने तो फसतो. कंपनाचा रोलर ताशी पाच किलोमीटरच्या आत चालवायचा; वेग वाढला की दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं आणि थरावर लहरी उठतात. पातळ थराला वेळ फारच कमी मिळतो. जाडी निम्मी झाली की हातातला वेळ निम्म्याहूनही कमी होतो, वारा असेल तर आणखी कमी. म्हणून कागदावरच्या रेघेवर जिथे थर पातळ, सावली आणि उघडा वारा एकत्र येतात, तिथे रोलर पेव्हरला चिकटून हवा. थराची जाडी खडीच्या सर्वांत मोठ्या नाममात्र आकाराच्या निदान तिप्पट तरी हवी, जाडसर मिश्रणाला चौपट. हे डिझाइनमध्येच चुकलं असेल तर साइटवर कोणीही वाचवू शकत नाही. लेखी कळवा आणि मोकळे व्हा.

पायरी ७: जॉइंट

पहिली लेन घातली की तिची मोकळी कड दाबायला पलीकडून आधार नसतो, माल बाहेर सरकतो आणि कड सैल राहते. ती सैल कड कापून काढा, कापलेल्या उभ्या तोंडावर डांबर किंवा इमल्शन लावा, मग दुसरी लेन घाला. दुसऱ्या लेनचा माल थंड कडेवर अडीच ते चार सेंटिमीटर चढलेला असावा आणि तो दाताळ्याने ओढून घेऊ देऊ नका; कामगाराला सफाई दाखवायची असते म्हणून तो नेमका जॉइंटवरचाच माल उचलून पुढे फेकतो. दाबताना कंपन थंड बाजूवर नको. जॉइंटवर वेगळे कोर घ्या, लेनच्या कोरमध्ये मिसळू नका. जॉइंटची डेन्सिटी लेनपेक्षा दोन टक्क्यांपर्यंत कमी चालवून घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे; त्याहून कमी आली तर पुढच्या दिवशी पद्धत बदला.

पायरी ८: दोन प्रकारचे नमुने, दोन वेगळ्या वह्या

जोखीम पाहून घेतलेला नमुना मुद्दाम वाईट जागेचा असतो. त्याचे आकडे स्वीकृतीच्या सरासरीत टाकले तर ठेकेदारावर अन्याय होतो, आणि फक्त चांगल्या जागांचे टाकले तर रस्त्यावर. म्हणून स्वीकृतीचे नमुने चिठ्ठी टाकून, शोधाचे नमुने संशयाने, आणि दोन्हींची नोंद वेगळी.

चिठ्ठी टाकायची म्हणजे काय ते पाहा. ४०० मीटरचा तुकडा, लेन साडेतीन मीटर. कॅल्क्युलेटरवर दोन रँडम आकडे आले: ०.३७ आणि ०.८१. पहिल्याने गुणलं की चेनेज १४८ मीटर, दुसऱ्याने गुणलं की कडेपासून २.८४ मीटर. तिथेच कोर. ‘इथे जरा नको, बाजूला घेऊ’ हे ऐकून घ्यायचं नाही. आणि जागा रोलर संपल्यावर जाहीर करा. आधी सांगितली तर त्या जागेला चार फेरे जास्त मिळतात.

पायरी ९: पास झालेल्या आकड्यांचा कल बघा

डांबराचं लक्ष्य ५.४ टक्के, सूट अधिक-उणे ०.३. सलग निकाल आले ५.३, ५.३, ५.२५, ५.२, ५.२, ५.१५, ५.१५. सातही पास. पण सातही लक्ष्याच्या खाली आहेत आणि घसरत आहेत. हा योगायोग नसतो. पंप, वजनकाटा किंवा चुरीचा ओलावा यांपैकी काहीतरी हललं आहे. म्हणून सूट मर्यादेच्या आत आपली एक तोकडी रेघ आखा, समजा ०.२ वर. ती ओलांडली किंवा सलग सात आकडे एकाच बाजूला पडले की प्लांटवर माणूस पाठवा. नापास निकालाची वाट बघत बसलात तर तोवर शेकडो टन माल रस्त्यावर गेलेला असतो.

याच आधारावर तपासणी सैल आणि घट्ट करत राहा. आठवडाभर निकाल शांत असतील तर शोधाचे नमुने कमी करा. एक नापास आला की लगेच दुप्पट. नापास जागेची हद्दही ठरवा: त्या कोरच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरवर पुढे सरकत कोर घ्या, दोन्हीकडे चांगला कोर मिळाला की मधला तुकडा दोषी. हे न करता ‘एकच कोर कमी आला, सरासरी ठीक आहे’ म्हणून पुढे गेलेली कामं मी पाहिली आहेत. पाण्याला सरासरी समजत नाही, ते सैल जागेतूनच आत जातं.

पायरी १०: संध्याकाळची दहा मिनिटं

नोंदीसाठी फार फॉर्म नकोत. डंपर क्रमांक, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, दोन्ही तापमानं, तो माल कुठल्या चेनेजपासून कुठपर्यंत पसरला, हवामान, थांबलेली मिनिटं आणि कारण. या एका ओळीवरून दोन वर्षांनी खड्डा कुठल्या डंपरचा हे सांगता येतं. फोटो काढताना चेनेजची पाटी आणि थर्मामीटरचा आकडा एकाच चौकटीत येऊ द्या.

मग सगळ्यांना घेऊन पायरी २ ची यादी पुन्हा उघडा. ऑपरेटर रजेवर जाणार आहे का, उद्या चढाचा भाग लागतोय का, आभाळ भरून आलंय का? गुण बदला आणि सकाळी कोण कुठे उभा राहील ते ठरवा.

आणि निघायच्या आधी दिवसभरात काढलेल्या कोरची भोकं बघून या. त्यांत पाणी उरलेलं असतं. ते फडक्याने टिपून, बाजूंना इमल्शन लावून, गरम माल दोन थरांत ठोकून भरला नसेल, तर रस्त्यातला पहिला खड्डा तपासणीनेच पाडलेला असतो.